केमोथेरपीनंतरची सुई : कुणाला हवी, कुणाला नको?

केमोथेरपीचे सत्र आटोपून रुग्ण घरी परततो, तेव्हा घरच्यांना वाटते की कठीण भाग पार पडला. उलट्या थांबतात, तोंडाला थोडी चव येते, भेटायला येणाऱ्यांची ये-जा सुरू होते. प्रत्यक्षात धोक्याचे दिवस त्यानंतरच येतात. साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या तळ गाठते आणि एरवी दोन दिवसांत बरा होणारा ताप या काळात जिवावर बेतू शकतो. कर्करोगाने नव्हे, तर उपचारादरम्यान झालेल्या जंतुसंसर्गाने रुग्ण दगावला, हे वाक्य कर्करोग रुग्णालयांच्या आवारात नवे नाही.

हा धोका कमी करणारे इंजेक्शन गेली तीन दशके वैद्यकशास्त्राच्या हाती आहे. एकेकाळी श्रीमंत देशांनाही जड वाटणारे हे औषध आज भारतात तयार होते आणि इथून युरोप-अमेरिकेत निर्यातही होते. किमतीचा डोंगर बराच खाली आला, हे खरे. मात्र त्यामुळे एक वेगळाच प्रश्न समोर उभा राहिला आहे. ज्यांना या सुईची गरज नाही अशांना ती टोचली जाते आणि ज्यांना ती मिळायलाच हवी अशांपर्यंत ती वेळेवर पोहोचत नाही. देशात दरवर्षी कर्करोगाच्या १४ लाखांहून अधिक नव्या रुग्णांची भर पडत असताना या विसंगतीकडे केवळ डॉक्टरांचा अंतर्गत प्रश्न म्हणून पाहता येणार नाही.

पहारेकरीच गैरहजर

केमोथेरपीची औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर घाला घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतातच. पण केसांच्या मुळातील, तोंडाच्या व आतड्याच्या अस्तरातील आणि हाडांच्या आतील मज्जेतील पेशीही तशाच असतात. अस्थिमज्जेत रक्त तयार होते. तिथला कारखाना मंदावला की सर्वांत आधी फटका बसतो तो ‘न्यूट्रोफिल’ या पांढऱ्या पेशींना. जिवाणू शरीरात शिरताच त्यांच्यावर तुटून पडणारी ही पहिली फळी. तिचे रक्तातील आयुष्य तासांत मोजावे इतके अल्प असल्याने नवा पुरवठा थांबताच तिची संख्या झपाट्याने घसरते.

रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिलची संख्या ५०० च्या खाली गेली की ती अवस्था तीव्र मानली जाते. त्यातच ताप १०१ अंश फॅरनहाइटवर गेला किंवा १००.४ अंशांवर तासभर टिकून राहिला, तर ती वैद्यकीय आणीबाणी ठरते. अशा रुग्णाला रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक मिळायला हवे, असा दंडक आहे. गंमत अशी की, या रुग्णाच्या जखमेत पू होत नाही, छातीच्या एक्स-रेतही सुरुवातीला फारसे काही दिसत नाही. कारण पू म्हणजे मुख्यतः या पेशींचाच सडा असतो आणि त्या तर उरलेल्याच नसतात. ताप हीच काय ती एकमेव खूण. तीही घरातल्या पॅरासिटामॉलच्या गोळीने झाकली गेली, तर मोलाचे तास निघून जातात.

अमेरिकेतील रुग्णालयांत १९९५ ते २००० या काळात या कारणासाठी दाखल झालेल्या ४१ हजारांहून अधिक कर्करुग्णांच्या नोंदी तपासल्या असता त्यांतील ९.५ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावल्याचे आढळले होते. अन्य कोणताही गंभीर विकार नसलेल्यांमध्ये हे प्रमाण २.६ टक्के होते. दोन किंवा अधिक गंभीर विकार असलेल्यांमध्ये ते २१ टक्क्यांवर गेले. म्हणजे हा धोका सर्वांना सारखा नसतो. सुई कुणाला द्यावी, या प्रश्नाचे उत्तर याच आकड्यांपासून सुरू होते.

मेलबर्नमधील बशा, कॅलिफोर्नियातील जिवाणू

या औषधाची कथा ऑस्ट्रेलियात सुरू होते. १९६० च्या दशकाच्या मध्यास मेलबर्नमध्ये डोनाल्ड मेटकाफ आणि रे ब्रॅडली यांना काचेच्या बशीतील अगरवर अस्थिमज्जेच्या पेशी वसाहती करून वाढताना दिसल्या. त्याच सुमारास इस्रायलमधील शास्त्रज्ञांनाही स्वतंत्रपणे हेच आढळले. या पेशी आपोआप वाढत नव्हत्या. काहीतरी त्यांना वाढण्याचा आदेश देत होते. ते ‘काहीतरी’ शोधण्यासाठी वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमधील मेटकाफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची दोन दशके खर्ची घातली. शरीरात अत्यल्प प्रमाणात असणारे हे वृद्धिघटक एकेक करून वेगळे करण्यात आले. त्यातील न्यूट्रोफिलच्या वाढीला चालना देणारा घटक म्हणजे ‘जी-सीएसएफ’.

१९८६ मध्ये मानवी जी-सीएसएफचे जनुक वेगळे करण्यात अमेरिकेतील व जपानमधील संशोधकांना यश आले. कॅलिफोर्नियातील अॅमजेन कंपनीने ते जनुक ‘ई. कोलाय’ या जिवाणूत बसवून त्याच्याकडूनच हे प्रथिन तयार करून घेतले. फेब्रुवारी १९९१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘फिलग्रास्टिम’ या नावाने त्याला मान्यता दिली. फुप्फुसाच्या एका आक्रमक कर्करोगाच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत, औषध न मिळालेल्यांपैकी ७७ टक्क्यांना उपचारादरम्यान पेशी घटून ताप आला. औषध मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ४० टक्के होते.

फिलग्रास्टिमची अडचण म्हणजे मूत्रपिंडे ते भराभर बाहेर टाकतात. त्यामुळे रोज टोचावे लागते. त्यावर उपाय म्हणून या प्रथिनाला पॉलिएथिलीन ग्लायकॉलची साखळी जोडण्यात आली. आकार वाढल्याने मूत्रपिंडांतून त्याची गळती थांबली आणि न्यूट्रोफिलची संख्या वाढू लागली की त्या पेशीच त्याचा निचरा करू लागल्या. काम झाले की औषध आपणहून ओसरते, असा हा हिशेब. २००२ मध्ये मान्यता मिळालेले हे ‘पेगफिलग्रास्टिम’ केमोथेरपीच्या एका आवर्तनात एकदाच द्यावे लागते. पुढे जगभरात त्याची एका वर्षाची विक्री चार अब्ज डॉलरच्या पुढे गेली, यावरून त्याची उपयुक्तता आणि त्याची किंमत या दोन्हींची कल्पना यावी.

चाळीस टक्के, मग वीस टक्के

औषध गुणकारी आहे, याबद्दल फारसा वाद नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १७ चाचण्यांमधील साडेतीन हजारांच्या आसपास रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात पेशी घटून ताप येण्याचे प्रमाण आणि संसर्गाने होणारे मृत्यू या दोन्हींत सुमारे ४५ टक्क्यांची घट दिसली. वाद आहे तो रेषा कुठे आखायची यावर.

अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या तज्ज्ञ संघटनेने १९९० च्या दशकात ही रेषा ४० टक्क्यांवर आखली होती. ज्या केमोथेरपीत १०० पैकी ४० किंवा अधिक रुग्णांना असा ताप येण्याची शक्यता असेल, तिथेच पहिल्यापासून ही सुई द्यावी, असे ठरले. हा आकडा शरीरशास्त्रातून आलेला नव्हता. तो हिशेबवहीतून आला होता. तेवढा धोका असेल तरच रुग्णालयातील खर्चाची बचत औषधाच्या किमतीला पुरून उरते, असे ते गणित होते.

२००५ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यांना दिल्या जाणाऱ्या डोसिटॅक्सेल या औषधाचा धोका मध्यम स्वरूपाचा. तरीही पेगफिलग्रास्टिम न मिळालेल्यांपैकी १७ टक्क्यांना पेशी घटून ताप आला आणि मिळालेल्यांपैकी केवळ एक टक्क्याला. पुढच्याच वर्षी संघटनेने रेषा २० टक्क्यांवर आणली आणि संसर्ग टाळणे हेच स्वतंत्रपणे पुरेसे कारण असल्याचे मान्य केले. करोनाच्या साथीत २०२० मध्ये रुग्णालयांवरील ताण टाळण्यासाठी १० ते २० टक्के धोका असलेल्यांनाही ही सुई देण्याची सूचना अमेरिकी तज्ज्ञांकडून झाली.

आजची सर्वसाधारण चौकट अशी आहे. धोका २० टक्क्यांहून अधिक असेल तर पहिल्या आवर्तनापासून सुई. १० टक्क्यांहून कमी असेल तर गरज नाही. आणि मधल्या पट्ट्यात रुग्णाकडे पाहून निर्णय. वय ६५ च्या पुढे आहे का, आधी केमोथेरपी किंवा किरणोपचार झाले आहेत का, यकृत-मूत्रपिंडाचे कार्य कसे आहे, मागच्या आवर्तनात ताप आला होता का, या प्रश्नांची उत्तरे इथे निर्णायक ठरतात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न उपचाराच्या हेतूचा. रोग पूर्ण बरा होण्याची शक्यता असेल, तर केमोथेरपीची मात्रा आणि तारीख दोन्ही सांभाळणे मोलाचे. तिथे सुईचा आधार घ्यावा. केवळ आयुष्य थोडे सुसह्य करण्यासाठी उपचार चालू असतील, तर मात्रा कमी करणे हाच अधिक शहाणपणाचा मार्ग ठरतो.

देशी औषध, परदेशी रेषा

भारताची गोष्ट इथे वेगळी होते. डॉ. रेड्डीज या हैदराबादच्या कंपनीने २००१ मध्येच देशी फिलग्रास्टिम बाजारात आणले. युरोपात अशा ‘समरूप’ औषधाला पहिली मान्यता २००८ मध्ये आणि अमेरिकेत २०१५ मध्ये मिळाली, हे पाहिले तर भारतीय उद्योग किती आधी या क्षेत्रात उतरला, हे लक्षात येते. अहमदाबादच्या इंटास कंपनीच्या फिलग्रास्टिमला २०१४ मध्ये युरोपीय मान्यता मिळाली. बेंगळुरूच्या बायोकॉनने मायलन कंपनीसह तयार केलेले पेगफिलग्रास्टिम २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळवणारे त्या औषधाचे पहिलेच समरूप ठरले. पुण्याची जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सही या औषधाच्या उत्पादकांपैकी एक. स्पर्धेमुळे अमेरिकेत एकेकाळी हजारो डॉलर मोजावे लागणारे इंजेक्शन भारतात काही हजार रुपयांत मिळू लागले.

म्हणजेच ज्या हिशेबावर पहिली रेषा आखली गेली, तो हिशेब भारतात पुरता उलटा झाला आहे. तिथे औषध महाग म्हणून रेषा वर होती. इथे औषध तुलनेने स्वस्त आणि अतिदक्षता विभागातील खाट महाग. एका संसर्गासाठी खासगी रुग्णालयात आठवडाभर राहावे लागले, तर होणाऱ्या खर्चात अशा अनेक सुया येतात. तरीही भारतातील निर्णय बहुतांशी परदेशी मार्गदर्शक तत्त्वांतील टक्केवारी समोर ठेवूनच घेतले जातात.

याला दुसरी, अधिक चिंताजनक बाजू आहे. पाश्चात्त्य देशांत या रुग्णांमध्ये ‘ग्रॅम-पॉझिटिव्ह’ जिवाणूंचे प्रमाण मोठे असते. भारतातील रुग्णालयांत क्लेबसिएला, ई. कोलाय यांसारख्या ‘ग्रॅम-निगेटिव्ह’ जिवाणूंचे वर्चस्व दिसते. त्यातील अनेकांनी नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देणे सोडले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे २०१३ पासून काम करणारे निरीक्षण जाळे कार्बापेनेम गटाच्या प्रभावी औषधांनाही न जुमानणाऱ्या जिवाणूंची नोंद सातत्याने करीत आले आहे. अशा जिवाणूने पेशीविहीन रुग्णाला गाठले, तर डॉक्टरांच्या हाती उरतात ती कोलिस्टिनसारखी मोजकी आणि मूत्रपिंडांना घातक ठरू शकणारी औषधे. संसर्ग झाल्यावर तो बरा करण्याची खात्री जिथे कमी, तिथे तो होऊच न देण्याचे मोल अधिक. भारतासाठी रेषा कुठे आखावी, याचा स्वतंत्र विचार व्हायला हवा तो यासाठी.

आकड्याच्या मागे धावताना

मात्र ‘स्वस्त आहे, मग सर्वांनाच द्या’ हा निष्कर्षही तितकाच घातक. रक्ताच्या अहवालात पांढऱ्या पेशींचा आकडा लाल अक्षरात दिसला की घरच्यांचा धीर सुटतो आणि ‘काउंट वाढवण्याची सुई द्या’ असा आग्रह सुरू होतो. काही ठिकाणी तो आग्रह करण्याचीही गरज पडत नाही. परंतु ताप नसलेल्या रुग्णाला, केवळ आकडा घसरला म्हणून ही सुई देण्याने काय साधते, याचे उत्तर १९९७ मध्येच मिळाले आहे. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अशा रुग्णांच्या पेशी चारऐवजी दोन दिवसांत सावरल्या. पण रुग्णालयात दाखल होण्याचे किंवा संसर्गाचे प्रमाण काही कमी झाले नाही. कागदावरचा आकडा सुधारला, रुग्णाच्या पदरात फारसे काही पडले नाही. ही सुई पेशी घसरण्यापूर्वी, केमोथेरपीनंतर २४ तास उलटल्यावर सुरू करण्यासाठी आहे. तळ गाठल्यावर धावाधाव करण्यासाठी नव्हे.

तिचे दुष्परिणामही आहेत. हाडे, विशेषतः कंबर आणि पाठ, असह्य ठणकतात. मज्जेतील कारखाना पुन्हा जोमाने सुरू झाल्याची ती वेदना असते आणि साध्या वेदनाशामकांनी ती बहुधा आटोक्यात येते; पण पूर्वकल्पना नसलेल्या रुग्णाला कर्करोग हाडांत पसरल्याची शंका येऊन तो हादरतो. क्वचित प्रसंगी प्लीहा फुटण्यासारखी गंभीर गुंतागुंत होते. केमोथेरपीच्या अगदी लगत सुई दिली, तर नुकत्याच जोमाने वाढू लागलेल्या कोवळ्या पेशीच औषधाच्या तडाख्यात सापडतात. म्हणून वेळेचे बंधन काटेकोर.

खर्चाचा मुद्दा इथेही आहे. छापील किंमत आणि रुग्णालयाची खरेदी किंमत यांत मोठी तफावत असलेल्या औषधांमध्ये प्रत्येक अनावश्यक सुई कुणाच्या तरी नफ्याची असते. केंद्राने फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्करोगावरील ४२ औषधांच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली, ती याच तफावतीच्या पार्श्वभूमीवर. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’ने ४० औषधांची एकत्रित खरेदी केली, तेव्हा सुमारे १,३२० कोटी रुपये वाचल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. एकत्र येऊन घासाघीस केली तर किंमत किती खाली येऊ शकते, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

परळच्या पदपथावरील प्रश्न

या साऱ्या चर्चेत एक रुग्ण बहुधा नसतोच. विदर्भ, मराठवाडा, खानदेश किंवा थेट बिहार-बंगालमधून मुंबईत आलेला, परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारा आणि दोन आवर्तनांमध्ये गावी परतणे परवडत नाही म्हणून दादरच्या धर्मशाळेत, आणि तिथेही जागा नसेल तर पदपथावर मुक्काम करणारा. पांढऱ्या पेशी तळाला असताना ज्याने गर्दी, धूळ आणि अस्वच्छ पाणी टाळायचे, तो नेमका त्यांच्याच मध्ये राहतो. पुस्तकातील धोक्याची टक्केवारी काढताना रुग्णाचे वय, आजार, औषधे सारे धरले जाते. त्याचा पत्ता धरला जात नाही.

जो गावी परततो, त्याची अडचण निराळी. हे औषध दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. बर्फाच्या डब्यात गुंडाळून रात्रभराच्या रेल्वे-एसटीच्या प्रवासात ते नेणे, भारनियमन असलेल्या गावात सांभाळणे आणि रोज टोचून घेण्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठणे, ही वाट सोपी नाही. त्यासाठी एकदाच घ्यावे लागणारे पेगफिलग्रास्टिम सोयीचे. पण ते एकरकमी अधिक महाग. रोजच्या सुयांचा कालावधी कमी करता येईल का, याचे उत्तर कॅनडातील संशोधकांनी २०२० मध्ये दिले. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये फिलग्रास्टिम पाच दिवस दिले काय आणि सात किंवा दहा दिवस दिले काय, संसर्गाच्या वा रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. सार्वजनिक पैशांतून झालेला असा साधा अभ्यास खर्च निम्म्यावर आणू शकतो. औषध विकणारी कंपनी तो करण्याची शक्यता कमी. म्हणूनच भारतात तो सार्वजनिक संस्थांनी हाती घेण्याची गरज आहे.

फिलग्रास्टिमचा जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून केमोथेरपीचा खर्च उचलला जातो. परंतु केमोथेरपी मोफत आणि तिच्यानंतरच्या दहा दिवसांची जबाबदारी कुटुंबावर, अशी विभागणी झाली तर योजनेचा हेतूच अर्धवट राहतो. धोका अधिक असलेल्या उपचारांत ही सुई केमोथेरपीचाच भाग मानली जावी, जिल्हा रुग्णालयांत ती शीतपेटीसह उपलब्ध असावी आणि ताप आलेल्या केमोथेरपीच्या रुग्णाला तासाभरात प्रतिजैविक देण्याची तयारी तालुक्याच्या ठिकाणीही असावी, या अपेक्षा अवास्तव नाहीत. त्यासाठी नवे संशोधन लागत नाही. लागते ती खरेदीची शिस्त आणि प्रशिक्षण.

तोवर रुग्ण व नातेवाइकांच्या हाती काही गोष्टी आहेत. घरात थर्मामीटर ठेवणे, ताप दिसताच गोळी घेऊन वाट न पाहता रुग्णालय गाठणे, हात धुण्याची सवय घरातील प्रत्येकाला लावणे. आणि डॉक्टरांना दोन प्रश्न विचारणे : या औषधांमध्ये माझा धोका किती, आणि ही सुई मला कशासाठी? पहिल्याचे उत्तर मोठे असेल तर सुईचा आग्रह धरावा; दुसऱ्याचे उत्तर केवळ ‘काउंट वाढवण्यासाठी’ असे असेल, तर आणखी एकदा विचारावे.